बोअरच्या कर्जाआधी विहिरीत डोकावू या



मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका गटातल्या ताईंनी बोअरसाठी कर्ज घेतलं. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला आणि जागा ठरली. बोअरमधून निघाली नुसती कोरडी भुकटी. हप्ते मात्र अजून चालू आहेत. म्हणून या महिन्याचा पाठ आपल्या डोंगरातल्या दगडांचा.

कळसूबाईच्या डोंगरापासून आपल्या ओढ्यांपर्यंत सगळा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि भाकऱ्यांच्या चवडीसारखे थरावर थर बसले. पण सगळे थर सारखे नाहीत.

१) कातळ : काळा, टणक, घट्ट. पाणी फक्त भेगांत. भेग लागली नाही तर बोअर कोरडी.

२) मांजऱ्या : लाव्हातल्या बुडबुड्यांमुळे भोकं पडलेला, त्यात पांढरे खडे. झिजून ठिसूळ झाला असेल तर पाणी धरतो.

३) गेरू : दोन थरांमधली तांबडी चिकण माती. पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. म्हणून कड्यात बऱ्याचदा गेरूच्या वरच झरा फुटतो.

४) मुरूम : कुजलेला दगड. पाणी भराभर जिरतं. समतल चर इथे खणले तर उपयोग होतो.

५) ओढ्याकाठची वाळू, गोटे, गाळ : उथळ विहिरीला चांगली जागा.

हे थर बघायचे कुठे? गावातल्या जुन्या विहिरीत! मे महिन्यात पाणी तळाला जातं, तेव्हा काठावरून जपून बघा. वरून किती हातांवर मुरूम संपतो, कातळ कुठे लागतो, झरा कोणत्या थरातून येतो, ते वहीत लिहा. जवळपासच्या तीन-चार विहिरींची नोंद झाली की आपल्या शिवाराचा अंदाज येतो. ती नोंद घेऊन जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात सल्ला विचारा.

पाण्याची खात्री कोणीच देत नाही, ताई. पण पैसा आपल्या सगळ्यांच्या बचतीचा आहे. म्हणून यापुढे बोअरच्या कर्जाचा ठराव लिहिण्याआधी बैठकीत एवढंच विचारा, "शेजारच्या विहिरीत झरा कोणत्या दगडातून येतो?"

उत्तर वहीत नसेल, तर ठराव पुढच्या बैठकीत घ्या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक