खेळाचा कर्ता आणि टीकाकार : सिड सॅक्सन

सारीपाट कोणी रचला, हे आपण कधी विचारीत नाही. काव्याला कवी असतो, नाटकाला नाटककार असतो. पटावरचा खेळ मात्र आपल्या मनात लोकगीतासारखा निनावी असतो. आपली पचीसी अमेरिकेत गेली आणि 'पार्चीसी' या नावाने एकोणिसाव्या शतकापासून तेथील दुकानांत विकली गेली. पेटीवर विक्रेत्याचे नाव आले. कर्त्याचे येणार कोठून? अशा या निनावी प्रांतात कर्ता म्हणून उभ्या राहिलेल्या, आणि वर पुन्हा दुसऱ्यांच्या खेळांवर टीकालेखन करणाऱ्या एका माणसाची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

सिड सॅक्सन यांचा जन्म १९२० साली शिकागो येथे झाला. व्यवसायाने ते स्थापत्य अभियंता. नोकरी सांभाळून फावल्या वेळात खेळ रचावयाचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९७० साली, म्हणजे वयाच्या पन्नाशीत, त्यांनी नोकरी सोडली आणि खेळ हाच उद्योग केला. हे धाडस करण्याइतका आधार त्यांना प्रामुख्याने एका खेळाने दिला होता. तो म्हणजे १९६४ साली थ्री-एम कंपनीने काढलेला 'अ‍ॅक्वायर'.

लहानपणी लोटोच्या साहित्यावर सॅक्सन यांनी लढाईचा एक खेळ बसविला होता. 'अ‍ॅक्वायर'चे बीज त्यात आहे. पटावर १०८ घरे. प्रत्येक फरशीवर घराचा क्रमांक छापलेला, त्यामुळे ती त्याच घरात बसते. फरशा शेजारी आल्या की हॉटेलांची साखळी तयार होते. साखळ्या सात, आणि प्रत्येकीचे शेअर २५. दोन साखळ्या एकमेकींना भिडल्या की मोठी लहानीला गिळते, आणि गिळल्या गेलेल्या साखळीचे सर्वाधिक शेअर ज्याच्याकडे असतील त्याला घसघशीत रक्कम मिळते. गंमत अशी की येथे साखळी कोणाच्याच मालकीची नसते. आपण वाढविलेल्या साखळीचा लाभ शेजारी बसलेला गडी घेऊन जातो, आणि कित्येकदा आपलीच साखळी बुडावी अशी आपली इच्छा असते! अर्थशास्त्राच्या तासाला भागभांडवल म्हणजे काय ते ऐकले होते. विलीनीकरणात कोणाचा फायदा होतो, हे या खेळाचे नियम वाचताना अधिक स्पष्ट झाले.

'फोकस' हा त्यांचा दुसरा महत्त्वाचा खेळ. मार्टिन गार्डनर यांनी १९६३ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्याचा परिचय करून दिला. हा मात्र मी खेळलो आहे. आठ-बाय-आठचा पट आखावयाचा आणि प्रत्येक कोपऱ्यातली तीन घरे कापून टाकावयाची, उरतात ५२. दोघांना प्रत्येकी १८ सोंगट्या लागतात. जिमखान्यातले कॅरमचे दोन संच एकत्र केले की पांढऱ्या व काळ्या नेमक्या तेवढ्याच भरतात. एक सोंगटी एक घर चालते. दोन सोंगट्यांची चळत दोन घरे, तिहींची तीन. चळतीवर सत्ता कोणाची? ज्याची सोंगटी सर्वांत वर त्याची. चळत पाचांहून उंच झाली की खालच्या सोंगट्या काढून घ्यावयाच्या; परक्या त्या कैद, आपल्या त्या राखीव. तळाशी चार शत्रू आणि माथ्यावर आपण एकटे, तरीही राज्य आपलेच. (राज्यशास्त्राच्या आमच्या मित्रांना हे फार आवडले.) या खेळाला १९८१ साली पश्चिम जर्मनीतील 'श्पील देस यारेस' हा वर्षातील उत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. तो देणारे मंडळ टीकाकारांचे, हे येथे लक्षात ठेवावे.

'कान्ट स्टॉप' (१९८०) हा फाशांचा खेळ. चार फासे टाकून त्यांच्या दोन जोड्या करावयाच्या. दोन फाशांवर सात सहा प्रकारांनी पडतात, दोन एकाच प्रकाराने; म्हणून साताचा रस्ता तेरा पायऱ्यांचा आणि दोनाचा अवघा तीन पायऱ्यांचा. थांबलो तर मिळविलेले टिकते, हाव धरली तर त्या खेपेचे सारे जाते. नावातच इशारा आहे, पण कोणी थांबत नाही.

आता त्यांच्या लेखनाविषयी. १९६९ साली त्यांचे 'अ गॅमट ऑफ गेम्स' हे पुस्तक निघाले. त्यात ३८ खेळांचे नियम आहेत. बहुतेक खेळ पत्त्यांचा जोड, फासे, कागद-पेन्सिल किंवा घरगुती पट एवढ्या सामग्रीवर भागतात. यांतील २२ खेळ खुद्द सॅक्सन यांचे. उरलेल्यांत क्लॉड सूसी यांचा 'लाइन्स ऑफ अ‍ॅक्शन' आहे, रॉबर्ट अ‍ॅबट यांचा 'क्रॉसिंग्ज' आहे, जेम्स डनिगन यांचा पहिल्या महायुद्धाच्या उगमावरचा खेळ आहे. पुस्तकाच्या शेवटी बाजारात मिळणाऱ्या खेळांची छोटी परीक्षणे जोडली आहेत. पुढे १९७०च्या दशकात 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स' या नियतकालिकात ते खेळांवर सदर लिहीत. या नियतकालिकाची सूत्रे तेव्हा याच डनिगन यांच्याकडे होती.

येथे एक शंका येते, आणि ती वाजवी आहे. जो स्वतः खेळ विकतो त्याने दुसऱ्याच्या खेळाला बरे-वाईट म्हणावे काय? शिवाय ज्याचा खेळ आपल्या पुस्तकात घेतला त्याच्याच मासिकात लिहावे काय? मंडळी मूठभर, सगळी एकमेकांच्या ओळखीची. आपल्याकडे कवीनेच कवितेची समीक्षा केली की आपण लगेच गटबाजीचा वास घेतो. मला मात्र सॅक्सन यांच्या बाबतीत तो आक्षेप फारसा टिकतो असे वाटत नाही. ज्याने 'लाइन्स ऑफ अ‍ॅक्शन'सारखा, स्वतःच्या कित्येक खेळांहून सरस खेळ आपल्याच पुस्तकात आणला, त्याला दुसऱ्याचे चांगले सलत नव्हते एवढे तरी मानावेच लागेल. या खेळाचा आजचा लौकिक पाहता सूसी यांचे नाव टिकविण्याचे श्रेय या पुस्तकाला द्यावे लागते. नियमाच्या पुढे कर्त्याचे नाव लिहिणे ही साधी गोष्ट; पण पचीसीच्या वाट्याला ती आली नव्हती.

न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील त्यांच्या घरात सुमारे १८,००० खेळांचा संग्रह होता, असे सांगतात. २००२ साली सॅक्सन वारले. तो संग्रह एकत्र राहिला नाही; लिलावात पेट्या सुट्या-सुट्या गेल्या. त्यांच्या रोजनिशा मात्र रॉचेस्टर येथील 'द स्ट्राँग' या खेळांच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत.