रिपोर्ट नॉर्मल, मग कंबर दुखते कशी?

प्रश्न : आमची भातशेती आहे. आईची कंबर तीन वर्षं दुखते आहे. लावणी संपली तरी दुखणं संपत नाही. डॉक्टरांनी ईएमजी करायला सांगितली. बिचारीने सुया टोचून घेतल्या आणि रिपोर्ट नॉर्मल आला. आता घरातलेच म्हणतात, ‘मनाचं आहे.’ स्नायूंच्या विजेत दुखणं दिसायला नको का?
– एक वाचक, अष्टमी (ता. रोहा)

उत्तर : आधी आईंना सांगा की रिपोर्ट खरा आहे आणि त्यांचं दुखणंही खरं आहे. सुईची ईएमजी करतात ती मुख्यतः नस दाबली गेली आहे का, स्नायूचाच काही आजार आहे का, हे बघायला. मेंदूचा हुकूम नसेतून पोचला की स्नायूच्या तंतूंवर विजेची लहर उठते. टॉर्चच्या सेलचे दीड व्होल्ट घ्या. त्याच्या हजाराव्या भागाएवढी, पुष्कळदा त्याहून बारीक अशी ही लहर. निरोगी स्नायू सैल सोडला की पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट होते. वेदना मात्र या यंत्राने मोजता येत नाही.

तरीही जुनाट कंबरदुखीचा माग या विजेत लागतो. त्यासाठी सुई लागत नाही, माणसाला वाकवून बघावं लागतं. मणक्याच्या दोन्ही बाजूंना कातडीवर छोट्या चकत्या चिकटवतात आणि सावकाश पुढे वाकायला सांगतात, आवणाची मूठ हातात घेऊन बायका खाचरात वाकतात तसं. वाकता वाकता पाठीचे स्नायू धडाचा भार तोलतात, रेघ दाट होत जाते. पूर्ण वाकल्यावर, दुखणं नसलेल्या बहुतेकांमध्ये ती एकाएकी शांत होते. भार आता मुख्यतः मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधांवर गेलेला असतो आणि कातडीलगतच्या स्नायूंना विसावा मिळतो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५५ साली याचं सविस्तर वर्णन केलं.

जुनाट कंबरदुखीच्या पुष्कळ रुग्णांमध्ये ही शांतता येतच नाही. माणूस पुरता वाकलेला असतो, तरी स्नायू काम करतच असतात. दुखरी पाठ जपायला शरीराने त्यांना पहाऱ्यावर बसवलं आहे, असा त्याचा एक अर्थ लावतात. हे सगळ्याच रुग्णांत दिसत नाही, म्हणून एवढ्यावरून निदान करत नाहीत. आणि पलंगावर निजवून केलेल्या तपासणीत ते दिसणार तरी कसं? मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट : व्यायाम आणि पुनर्वसनाच्या उपचारांनंतर काही रुग्णांत ही हरवलेली शांतता परत आल्याच्या नोंदी आहेत.

तेव्हा आईंना फिजिओथेरपिस्टकडे न्या, आणि त्या वाकतात कशा, उठतात कशा, हे समोर करून दाखवायला सांगा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा वाढला, लघवी तुंबली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुढच्या लावणीत त्यांना एकसारखं वाकून राहू देऊ नका. थोड्या थोड्या वेळाने उठून बांधापर्यंत जाऊ द्या, आवण पोचवायचं काम त्यांच्याकडे द्या.