दर

मंडळी, आजच्या धड्याचा शब्द अवघ्या दोन अक्षरांचा आहे. द आणि र. दर. त्याला काना नाही, मात्रा नाही. वाचायला सोपा. पण वाचला म्हणजे कळला, असे नव्हे.

'दर सोमवारी बाजार भरतो.' म्हणजे काय? एका सोमवारी भरला आणि संपले, असे नाही. हा सोमवार, पुढचा सोमवार, त्याच्या पुढचा सोमवार. जितके सोमवार येतील तितके बाजार. जे नेमाने पुन्हा पुन्हा घडते, ते सांगताना आपण 'दर' लावतो. दररोज, दरवर्षी, दरमहा, दर खेपेस. 'दर आठ तासांनी एक गोळी' असे डॉक्टरांनी सांगितले, तर दिवसरात्र मिळून तीन गोळ्या झाल्या.

दुसरा एक 'दर' बाजारात भेटतो. 'कांद्याचा दर पडला.' हा दर म्हणजे भाव. दोघांत घोटाळा नको. 'दर'च्या जागी 'प्रत्येक' घालून पाहा. 'प्रत्येक सोमवारी बाजार' हे जुळते. 'कांद्याचा प्रत्येक पडला' हे जुळत नाही. झाली ओळख!

आता कर्जाच्या कागदाकडे येऊ. खरे तर त्यासाठीच हा धडा लिहायला घेतला.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत. एकदा त्या घडी घातलेला कागद घेऊन आल्या. लेकीच्या लग्नाला 50,000 रुपये उसने घेतले होते. कागदावर मालकांचा अंगठा होता. देणारा तोंडाने म्हणाला होता, "शेकडा दोन." यांना वाटले, वर्षाला शेकडा दोन. स्वस्त पडले!

मी म्हटले, "मावशी, तुम्हीच वाचा." त्यांनी बोट ठेवून वाचले. 'व्याजाचा दर दरमहा दर शेकडा 2.' मग बोट मागे नेले आणि पुन्हा वाचले. द, र, म, हा.

"गुरुजी, हे दर महिन्याला हाय व्हय?"

एका ओळीत तीन दर. पहिला भाव सांगतो. तिसरा सांगतो की प्रत्येक शंभर रुपयांमागे 2 रुपये. 50,000 मध्ये 500 शेकडे, म्हणून व्याज 1,000 रुपये. पण हे 1,000 किती वेळा द्यायचे, ते मधला दर सांगतो. 'दरसाल' असते, तर वर्षातून एकदा. 'दरमहा' आहे, म्हणून वर्षातून बारा वेळा. 12,000 रुपये! म्हणजे दरसाल दर शेकडा 24.

बोलताना मधला दर गळतो. देणारा 'शेकडा दोन' एवढेच म्हणतो आणि घेणारा मान हलवतो. मी इतकी वर्षे शाळेत 'द. सा. द. शे.'ची उदाहरणे घातली. पण ही गोष्ट एकाही मुलाला सांगितली नाही, याची मला आज लाज वाटते.

महाराष्ट्रात 2014 सालचा सावकारी कायदा आहे. परवाना नसताना सावकारीचा धंदा करता येत नाही. सावकाराने व्याज किती घ्यावे, यालाही सरकारने हद्द घातली आहे. मावशींना हे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या मालकांना घेऊन तालुक्याला सहकार खात्याच्या कचेरीत गेल्या. अर्जावर सही त्यांनी स्वतः केली.

सराव : 20,000 रुपये कर्ज. व्याज दरमहा दर शेकडा 3. एका वर्षाचे व्याज किती? पाटीवर मांडा. मग 'दरमहा' पुसून तेथे 'दरसाल' लिहा आणि पुन्हा मांडा.