म्हातारपणाचा अभ्यास तूच कर

गंगाखेड,
दसरा

चि. कविता,


तुझं पत्र मिळालं. बी.एस्सी.नंतर म्हातारपणावर संशोधन करायचं तुझ्या मनात आहे आणि घरचे पोलीस भरतीचा आग्रह धरून बसलेत. त्यांच्यावर रागावू नकोस. ऊसतोडीत कोयता चालवून ज्यांनी तुला शिकवलं, त्यांना पक्क्या नोकरीची ओढ असणारच. पण मनातलं सोडूही नकोस. या विषयाला तुझी गरज आहे.

२०११च्या जनगणनेत आपल्या राज्यात शंभरातले जवळपास दहाजण साठीपुढचे होते. हा आकडा वाढतच जाणार. २०१७-१८ मध्ये मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 'लासी' ही पाहणी सुरू केली. देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक लोकांना घरी जाऊन प्रश्न विचारले, रक्तदाब मोजला, हाताची पकडही यंत्रावर तपासली. पकड सैल होणं ही शरीर थकल्याची एक खूण मानतात. आता तुझ्या आईकडे बघ. कोयत्याने तिची पकड घट्ट ठेवली असेल, पण मोळ्या वाहून कंबर आणि गुडघे कधीच गेलेत. अशा शरीराचं वय कशावर मोजायचं? हा प्रश्न पुस्तकात वाचून सुचत नाही, तो तुझ्या घरात आहे.

दुसरा प्रश्न त्याहून गंभीर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली. ऐन तरुणपणी बीजाशयंही काढली गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. या बायका पन्नाशीत, साठीत कशा जगतील, हे वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहून पाहणारं कुणीतरी हवं.

आणि साधं वय विचारणंसुद्धा सोपं नाही. बंजारा तांड्यावरच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी. खरं वय काढायचं तर विचारावं लागतं: निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तू रांगत होतीस की चालत होतीस? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा कडेवर कोण होतं? हे तू गोरमाटी बोलीत विचारशील तेव्हा आजी मोकळी बोलेल. बाहेरून आलेल्या माणसाला ती दोन शब्दांत वाटेला लावील. शिवाय दिवाळीनंतर कर्ती माणसं ऊसतोडीला गेली की तांड्यावर म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात, हे पाहणी आखणाऱ्याला माहीत असायला हवं. तुला ते सांगावं लागत नाही.

आता कामाचं. संख्याशास्त्र टाळू नकोस; या विषयात त्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनवृत्ती देतात, तिचा अर्ज भर. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढलेस की इंग्रजीची भीती निम्मी उतरेल. पदवीनंतर देवनारच्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज कर. पुण्याजवळ वढू इथे केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र गावोगावच्या लोकांच्या आरोग्याची नोंद ठेवतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या पंचेचाळिशीपुढच्या लोकांचा अभ्यास करतं. दोन्हींची माहिती वाचून ठेव.

पैशाचं घरी नीट सांग. नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं. पीएच.डी.साठी विमुक्त-भटक्यांच्या मुलांना 'महाज्योती'चीही अधिछात्रवृत्ती आहे. वाट लांब आहे, पहिली काही वर्षं ओढाताणीची जातील. पोलीस भरतीचा अर्जही भरून ठेव, त्यात कमीपणा नाही. मात्र संशोधनाचा अर्ज आधी.

आई-बाबा कारखान्यावर निघण्याआधी मी तांड्यावर येऊन त्यांच्याशी बोलतो. तू तोवर अर्जाची कागदपत्रं जमव. शिफारसपत्रासाठी तुझ्या प्राध्यापकांना आजच भेट. ते मागायला लाजू नकोस, तो तुझा हक्क आहे.

तुझे,
सर