आगबोट-बदकें व त्यांचें वर्गीकरण

पाळीव बदक रानबदकाइतकें उडत नाहीं, हें बदकें पाळणाऱ्या आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. चार्लस डार्विन यांनीं १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, एकंदर सांगाड्याच्या मानानें पाळीव बदकाच्या पंखांचीं हाडें रानबदकापेक्षां हलकीं व पायांचीं जड भरतात. परंतु मनुष्याचा आश्रय नसतांही उडणें सोडलेलीं बदकें दक्षिण अमेरिकेच्या टोंकास आहेत. त्यांची माहिती येथें देत आहों.

चिली व आर्जेंटिना यांचे किनारे आणि फॉकलंड बेटें हें त्यांचें वसतिस्थान. बुडी मारून शिंपले व खेकडे खाणें हा चरितार्थ. भय वाटतांच तीं पंख व पाय एकदम मारीत, पाणी उसळवीत पळतात. दोन्ही बाजूंस चाकें असलेल्या जुन्या आगबोटीसारखें तें दृश्य दिसे, म्हणून खलाशांनीं त्यांस आगबोटीचें नांव दिलें. त्यापूर्वीं त्यांस शर्यतीचा घोडा म्हणत; आम्हांस नवें नांवच समर्पक वाटतें.

शास्त्रज्ञांनीं या सर्वांचा टॅकिएरिस, म्हणजे जलद वल्हविणारा, असा एकच वंश मानून त्यांत चार जाति गणल्या आहेत. एक उडणारी, ती गोड्या पाण्याच्या तळ्यांवरही राहते. न उडणाऱ्या तीन: मॅगेलन सामुद्रधुनीकडील थोराड जाति, फॉकलंडची, व आर्जेंटिनांतील चुबुत प्रांताच्या किनाऱ्यावरील पांढऱ्या डोक्याची. ही शेवटची १९८१ सालीं प्रथम वेगळी म्हणून वर्णिली गेली.

खरी अडचण पुढेंच आहे. उडणाऱ्या जातींतील कांहीं नर इतके जड असतात कीं त्यांनाही उडतां येत नाहीं. मग केवळ उडण्यावरून जाति कशी ठरवावी? २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणींत फॉकलंडचीं उडणारीं व न उडणारीं बदकें एकमेकांपासून निराळीं ओळखूं आलीं नाहींत. खंडावरील तिन्ही जातींची शाखा मात्र वेगळी निघाली, व त्या तिघींचा सामाईक पूर्वज सुमारें १५,००० वर्षांपूर्वींचाच ठरला. अर्थात् फॉकलंडच्या न उडणाऱ्या बदकाचें जवळचें नातें मॅगेलनकडील तशाच बदकाशीं नसून आपल्याच बेटांवरील उडणाऱ्या बदकाशीं आहे. अवलाद एकाच बाह्य खुणेवरून पारखणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांस हें उदाहरण विचार करण्याजोगें आहे.

उडण्याच्या कामीं निरुपयोगी झालेला पंख अगदींच वाया गेलेला नाहीं. त्याच्या सांध्यावर एक कठीण गांठ असते. तिचे तडाखे देऊन हे नर आपसांत व परक्या पक्ष्यांशीं मोठ्या त्वेषानें झुंजतात.