प्रतीक्षेची मुदत

मुंबईच्या कापडगिरण्यांतील ज्या संपास १८ जानेवारी १९८२ रोजी आरंभ झाला आणि ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणीही कधी जाहीर केले नाही. त्या काळी मी परळच्या एका गिरणीत हजेरी-कारकून होतो, आणि उपासमारीपेक्षाही या अनिश्चिततेनेच अधिक माणसे खचताना मी पाहिली. भोंगा उद्या वाजेल या आशेवर साचेखात्यातील कसबी विणकरांनी प्रथम बायकोचे दागिने सावकाराकडे गहाण टाकले, मग भांडीकुंडी मोडीत काढली, आणि अखेरीस राहता गाळाही पागडी घेऊन सोडला. यास्तव ज्यांची नोकरी अथवा पेढी आज अकस्मात बंद पडली आहे, त्यांस माझे कळकळीचे सांगणे आहे की, प्रतीक्षेची मुदत आपली आपण ठरवावी आणि तोवर शिल्लक पुंजीच्या निम्म्या भागास हात लावू नये. मी दसऱ्याची मुदत धरली होती. ती उलटताच कुडाळ तालुक्यातील वडिलार्जित वरकस जमिनीवर काजूची बाग करण्याच्या निश्चयाने आम्ही मुंबई सोडली.

कोकणात एकेका सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची लांबलचक यादी असते. वारसांची नोंद, फेरफार आणि हिस्सेदारांची लेखी संमती ही कामे पहिला खड्डा खणण्यापूर्वी तलाठ्याकडे खेटे घालून पुरी करावीत; कारण उजाड कातळावर कोणी हक्क सांगत नाही, परंतु झाड फळास लागले की विस्मृत नातीही जागृत होतात.

वेंगुर्ला-४ जातीची कलमे आम्ही पावसाच्या तोंडावर लावली. कलमाच्या जोडाखाली फुटणारे धुमारे वेळोवेळी काढावेत, कारण ते खालच्या रायवळ रोपाचे असून वाढू दिल्यास वरच्या जातिवंत फांदीचा जीव घेतात. दिवाळीनंतर बागेभोवतीचे गवत कापून वणव्यास वाट ठेवू नये. आणि पहिल्या दोन वर्षांत येणारा मोहोर न चुकता खुडावा. हे शेवटचे काम मला फार जड गेले, कारण घरात पैशाची निकड असताना ज्या मोहोराकडे डोळे लावून बसावे तोच स्वहस्ते तोडावयाचा, आणि तो तोडल्यावाचून झाडाचा सांगाडा सशक्त होत नाही. पोटास आधार देईल असे उत्पन्न चौथ्या-पाचव्या वर्षाआधी येत नाही. मधल्या काळात नाचणी-कुळथाने धान्य पुरवले, तरी मिठामिरचीचा आणि मुलांच्या फीचा भार माझ्या पत्नीने बाजारपेठेत चालविलेल्या खानावळीनेच वाहिला. गिरणगावात असताना ती बिऱ्हाडी जेवणाऱ्यांना डबे देत असे, तेच कसब येथे कामी आले. नव्या उद्योगाचा हिशेब मांडताना या मधल्या वर्षांचा खर्च सर्वांत आधी लिहावा, घरातील स्त्रीस समोर बसवून लिहावा, आणि तिच्या श्रमांतून येणारी रक्कम तिच्याच नावे बँकेत ठेवावी.