मौनाची किंमत : कॉलम टोबीन यांची ‘लाँग आयलंड’

आवडत्या लेखकाची नवी कादंबरी कधीकधी जुन्या कादंबरीचे पुनर्वाचन करावयास लावते. आयरिश कादंबरीकार कॉलम टोबीन यांची ‘लाँग आयलंड’ (२०२४) या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘ब्रुकलिन’मध्ये (२००९) आयलिश लेसी आपला अमेरिकेतील विवाह एनिसकॉर्थी या जन्मगावापासून दडवते, तिच्यात गुंतलेला जिम फॅरेल या मौनाचा बळी ठरतो. मात्र तेथील निवेदन आयलिशच्याच दृष्टिकोनास बांधलेले असल्याने जिमचे दुःख वाचकाच्या दृष्टीआडच राहते.

नव्या कादंबरीत वीसेक वर्षांनंतर, पती टोनीच्या प्रतारणेने दुखावलेली आयलिश आईच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त गावी परतते. आता नॅन्सीशी ठरलेला विवाह जिम तिच्यापासून लपवतो. भूमिकांची ही अदलाबदल केवळ कथानकाची क्लृप्ती नव्हे. येथे निवेदन आयलिश, जिम व नॅन्सी या तिघांच्या दृष्टिकोनांतून आळीपाळीने पुढे सरकते. परिणामी प्रत्येकाचे गुपित वाचकास ज्ञात होते आणि साध्या संभाषणालाही ताण प्राप्त होतो. पूर्वी आयलिशला निःशंकपणे दिलेली सहानुभूती वाचकास आता तपासून पाहावी लागते. उत्तरकथेचे खरे प्रयोजन या आत्मपरीक्षणातच आहे, असे म्हणावे लागेल.